बिस्किटांच्या पलीकडची अन्न अभियांत्रिकी

अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या बऱ्याच महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांचे कपाट उघडले, की त्याच त्या धर्तीची शीर्षके समोर येतात. नाचणीचे सत्त्व घातलेली बिस्किटे, शेवग्याच्या पाल्याची पूड मिसळलेली शेव, जवसाचे लाडू, बिटाचा रस घातलेले श्रीखंड. एखादा घटक पाच, दहा, पंधरा टक्के असा वाढवत न्यायचा, नऊ गुणांच्या पट्टीवर काही जणांकडून चव तपासून घ्यायची, सर्वाधिक गुणांचा नमुना निवडायचा आणि शेवटी प्रथिने-तंतूंचा तक्ता जोडायचा. हे काम निरुपयोगी मुळीच नाही. पण अन्न अभियांत्रिकीचा गाभा वेगळा आहे. उष्णता किती लागली, पाणी किती वेगाने निघाले, दाब किती होता, वेळ किती गेला आणि जळण किती जळले, याचा हिशेब म्हणजे ही विद्या. महाराष्ट्रात एम.टेक. करणाऱ्या मुलामुलींनी हा हिशेब जिथे अन्न रोज तयार होते तिथे जाऊन मांडायला हवा. गुऱ्हाळात, बेदाण्याच्या शेडमध्ये, डाळमिलमध्ये, आंब्याच्या कॅनिंगमध्ये.

गुऱ्हाळाचेच पाहू. रस काहिलीत चढतो, उकळी फुटते, भेंडीच्या रसाने मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. पाक ११५ ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की गुळव्या थोडासा पाक पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्याच्या बोटांची पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने आलेली आहे, तिच्याबद्दल आदरच वाटावा. खरी नासाडी होते ती खाली, चुलवणात. चिपाड एकदम कोंबले तर त्याला हवा पुरत नाही आणि ते अर्धवट जळते. कमी पडले तर गरजेपेक्षा जास्त आत आलेली हवा उष्णता सोबत घेऊन धुराड्यातून निघून जाते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी चार काहिलींच्या भट्टीचा असा ताळेबंद मांडून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चिपाड जाळून जेवढी उष्णता मिळते, तिच्यापैकी प्रत्यक्ष गूळ करायला केवळ २९ टक्के लागते, असे त्यांना आढळले. बाकीची मुख्यतः धुरावाटे आणि भट्टीच्या भिंतींतून जाते. मग त्यांनी धुरातला ऑक्सिजन मोजला आणि त्यानुसार चिपाड टाकण्याचा वेग ठरवला. एक किलो गुळामागे २.३९ किलो चिपाड लागत होते, ते १.७३ किलोवर आले.

म्हणजे चौथाईहून अधिक जळण वाचले, तेही चिपाड टाकण्याची रीत बदलून. वाचलेले चिपाड विकता येते आणि चुलवणापाशी राबणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारा धूरही कमी होतो. एका एम.टेक. प्रबंधाकडून याहून जास्त काय हवे?

तासगावच्या बेदाण्याची गोष्ट याहून अवघड आहे आणि म्हणूनच अधिक शिकवणारी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो आतले पाणी बाहेर येऊ देत नाही. म्हणून मणी आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. साधारण पंधरवड्यात ८० टक्क्यांच्या आसपासचा ओलावा १५-१६ टक्क्यांवर येतो. या पंधरवड्यात अवकाळी पाऊस आला, की हवेतली आर्द्रता वाढते, सुकण्याची गती मंदावते, मण्यातली विकरे काम करत राहतात आणि बेदाणा काळवंडतो. हिरव्या-पिवळ्या मालाचा भाव काळ्या मालाला मिळत नाही. वर्षभराची मेहनत आठवडाभरात मातीमोल होते.

अशा वेळी बागायतदाराचा प्रश्न साधा असतो, पंखे लावू का? उत्तर मात्र साधे नाही. मणी ओले असतात तेव्हा वारा उपयोगी पडतो. नंतर पाणी मण्याच्या आतून सालीपर्यंत यायलाच वेळ लागतो, तिथे नुसता वारा वाढवून फारसे हाती लागत नाही. शिवाय दमट हवाच फिरवत राहिले तर ती पाणी उचलणार कशी? हवा दहा-अकरा अंशांनी तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. मग ती किती तापवायची, दिवसातून किती तास, कशाच्या जळणावर, आणि त्या खर्चाने वाचणारा भाव त्याहून जास्त आहे का? सुकवणीचे समीकरण आणि बाजारभाव एकाच कागदावर आले तर बागायतदाराला नेमके उत्तर मिळेल.

तिसरे उदाहरण जिवाशी गाठ असलेले आहे. आज अनेक बचत गट आणि छोटे उद्योजक मिसळीचा कट, उसळी, भाज्या पाकिटात भरून, फ्रिजशिवाय टिकतील अशा विकू पाहतात. आंब्याचा रस आंबट असतो. पीएच ४.६ च्या खाली असलेल्या अशा पदार्थाला डबा बंद करून उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मटकीची उसळ त्या रेषेच्या वर असते. तिथे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, आणि हवाबंद पाकिटात ते रुजले तर तयार होणारे विष माणसाचा जीव घेऊ शकते. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांचे तापमान लागते. त्या तापमानाला या बीजाणूंची संख्या एक दशांशावर यायला सुमारे ०.२१ मिनिट लागते. हा टप्पा बारा वेळा पार पडावा, असा जगभरचा दंडक आहे. म्हणजे अडीच मिनिटे. व्यवहारात किमान तीन मिनिटे धरतात. पण ही तीन मिनिटे रिटॉर्टवरच्या, म्हणजे पाकिटे दाबाखाली तापवणाऱ्या भांड्यावरच्या, काट्याची नव्हेत, ती पाकिटात सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूची. पातळ रस्सा ढवळला जातो म्हणून लवकर तापतो, घट्ट उसळ फार सावकाश. तो बिंदू शोधायचा, तिथे तापमापक तार बसवायची, वेळ काढायचा, आणि तेवढ्यात मटकीचा लगदाही होऊ द्यायचा नाही. हे पदव्युत्तर पातळीचेच काम आहे. ते अंदाजाने कुणीही करू नये.

केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी १०,००० कोटी रुपयांची योजना आणली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान, दोन लाख उद्योगांचे उद्दिष्ट आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' अशी तिची रचना. पैसा गावापर्यंत पोचू लागला, हे चांगलेच झाले. पण ड्रायर किती क्षमतेचा घ्यायचा, बॉयलर केवढा लागेल, हे सांगायला तिथे बहुतेक वेळा यंत्र विकणाराच असतो. त्याचा सल्ला त्याच्या यादीतल्या यंत्राचा असणार, यात नवल नाही. तिथे दुसऱ्या बाजूने बसायला शिकलेला माणूस हवा.

गरजेतून अशी विद्या कशी फळते, हे आणंदने दाखवले आहे. वर्गीस कुरियन यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती डेअरी इंजिनिअरिंगसाठी. मिशिगन स्टेटमधून १९४८ मध्ये मास्टर्स पदवी घेऊन ते परतले आणि १९४९ मध्ये आणंदला रुजू झाले. हिवाळ्यात म्हशींना दूध जास्त आणि मुंबईला तेवढे नको, ही तिथली अडचण होती. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी जाणकार सांगत होते. कुरियन यांचे सहकारी ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदचा कारखाना सुरू झाला. दुग्धव्यवसायाचे पुढचे सारे वैभव त्या एका तांत्रिक उत्तरावर उभे आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

शिकण्याच्या जागांची आपल्याकडे वानवा नाही. माटुंग्याची १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञान संस्था, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे १९७६ चे अन्नतंत्र महाविद्यालय, खरगपूर आयआयटीचा कृषी व अन्न अभियांत्रिकी विभाग, म्हैसूरची सीएफटीआरआय, आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा मिळालेल्या कुंडली व तंजावर इथल्या निफ्टेम. गेट परीक्षेच्या अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात अन्नतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. केमिकल किंवा कृषी अभियांत्रिकीतून आलेल्यांनाही हा रस्ता खुला असतो, आणि त्यांनी तो जरूर धरावा. उष्णता-वहनाचे गणित त्यांना येतेच, अन्नाचा स्वभाव तेवढा शिकावा लागतो. तो पुस्तकापेक्षा काहिलीशेजारी लवकर कळतो.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. प्रबंधाचे प्रयोग विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे चालतात आणि अन्न हंगामाप्रमाणे येते. कोल्हापूरकडची गुऱ्हाळे दिवाळीच्या आगेमागे पेटतात, बेदाण्याच्या शेड फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, रत्नागिरीतले कॅनिंग एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमके परीक्षा आणि सुटीच्या दिवसांत, जोरात असते. प्रयोगशाळेतला छोटा ट्रे-ड्रायर तेवढा बारा महिने हाताशी असतो, म्हणून मग त्याच्यातच टोमॅटोच्या चकत्या सुकतात. विद्यापीठांनी दुसऱ्या वर्षाची दोन्ही सत्रे प्रबंधासाठी मोकळी ठेवून ती हंगामाला बांधावीत. विद्यार्थ्याने पूर्ण हंगाम त्या उद्योगात काढावा, मार्गदर्शकाने तिथे येऊन मोजमाप तपासावे आणि मौखिक परीक्षेला त्या गुऱ्हाळाचा किंवा शेडचा मालकही समोर बसलेला असावा. जळण किती वाचले, माल किती सुधारला आणि पुढच्या हंगामात हीच पद्धत ठेवणार का, हे त्याने परीक्षकांसमोर सांगावे, आणि त्याच्या उत्तराला प्रबंधाच्या गुणांत वाटा असावा.