खिम्याची तपासणी आणि ‘रॅपिड’ किटचे तास

मांसाच्या अखंड तुकड्यावर जीवाणू बहुतेक पृष्ठभागावरच असतात आणि शिजवताना मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळतो. एक दूषित तुकडा अख्खा घाणा बाटवतो. १९९३ मध्ये अमेरिकेत नीट न शिजलेल्या बर्गरमधल्या ई. कोलाय ओ१५७:एच७ मुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूही कत्तलबंदीत आल्याने प्रश्न उरतो तो म्हशीच्या खिम्याचा. अर्थात म्हैसही रवंथ करणारीच. हे जीवाणू तिच्याही आतड्यात राहतात.

खिम्यात सॅल्मोनेला हा जीवाणूही शोधतात. त्यासाठी कल्चर पद्धतीत २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर वाढवतात, मग निवडक माध्यम, मग एक्सएलडी प्लेट. निगेटिव्ह उत्तरालाही तीन दिवस लागतात. पॉझिटिव्हची खात्री करायला त्याहून अधिक. ओ१५७ चुंबकीय मण्यांनी वेचून सॉर्बिटॉल मॅकॉन्की प्लेटवर घेतात. तो सॉर्बिटॉल आंबवत नाही, म्हणून वसाहती रंगहीन दिसतात. ओ२६, ओ१११ यांसारखे तितकेच घातक प्रकार मात्र बहुधा सॉर्बिटॉल आंबवतात आणि निरुपद्रवी ई. कोलायच्या गर्दीत हरवतात. या प्लेटचा खरा दोष हा आहे; वेळ लागतो ही तक्रार त्यापुढे किरकोळ.

पीसीआर या जीवाणूंच्या विषाचे जनुकच शोधते, त्यामुळे हे प्रकार सुटत नाहीत. पण खिम्यातली चरबी अभिक्रिया अडवू शकते, मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही सापडतो, आणि विषाचे जनुक एका जीवाणूतले तर आतड्याला चिकटण्याचे दुसऱ्यातले असू शकते. म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर वसाहत वेगळी काढावीच लागते. ‘रॅपिड’ किटमधल्या अँटिबॉडीच्या पट्टीला दर मिलिलिटरमागे सुमारे दहा हजार ते लाखभर जीवाणू लागतात. म्हणजे एनरिचमेंट (जीवाणू आधी माध्यमात वाढवणे) कुणालाच चुकत नाही, आणि किटच्या खोक्यावरचे तास त्यानंतर मोजायचे असतात.

भंडाऱ्यातला नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा तर अंतर साठेक किलोमीटर, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात. बर्फाविना नेलेल्या खिम्यात इतर जीवाणू माजून रोगकारकाला झाकू शकतात. उलट गोठवलेल्या नमुन्यातल्या जखमी पेशी निवडक माध्यमात उगवत नाहीत. महागड्या यंत्राआधी शीतपेटी आणि तिच्यातली तापमान-नोंद हवी. पीसीआरने चाळणी, पॉझिटिव्हवर कल्चर हा क्रम त्यानंतरच कामाचा.