शिकवायचे केव्हा?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षकाचे वेतन १२ रुपयांहून कमी असू नये, असे बजावले होते. शक्य तर गावचे टपाल किंवा दस्तनोंदणी यांसारखी कामेही त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले होते. आज जादा कामांना तोटा नाही. वजन वाढल्याचे मात्र दिसत नाही.

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावांचा विचार करावा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक पुरेसे ठरतात. पट लहान असला तरी वर्ग चार-पाच असतातच. त्यांतील एक गुरुजी बैठकीला गेले की उरलेल्याने सारे वर्ग एकट्याने सांभाळायचे. पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयाद्यांचे काम आणि वेगवेगळ्या नमुन्यांत वारंवार मागविली जाणारी तीच माहिती, हे सारे निराळेच. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेव्हा पटावरची मुले कोठे गेली, याचा जाबही शिक्षकालाच द्यावा लागतो. भट्टीचा मालक किंवा रोजगार देऊ न शकणारे शासन यांना तो कोणी विचारीत नाही!

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांस मनाई केली आहे. परंतु 'निवडणूक' या शब्दाची व्याप्ती वर्षभर पुरेल इतकी ताणता येते, आणि माहिती भरण्याला अशैक्षणिक म्हणायचे की नाही, हे ठरविणाराही माहिती मागणाराच असतो.

वेतनाची कथा याहून वेगळी नाही. २००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. पात्रता पूर्ण शिक्षकाची, काम पूर्ण शिक्षकाचे, आणि पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी दरमहा ३,००० रुपये होते. ते पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० वर आले. वाढ झाली हे खरे. पण दूरच्या जिल्ह्यातून आलेला तरुण या रकमेत खोलीचे भाडे, प्रवास आणि घरी धाडावयाचे पैसे कसे बसवीत असेल? अशा शिक्षकाने पहिल्या संधीला बदली मागितली तर त्याला दोष कसा द्यावा? मुलांची वारली वा कातकरी बोली त्याच्या कानांवर रुळू लागते न लागते तोच तो निघून जातो, आणि नव्याने आलेल्याला पहिलीच्या वर्गाशी पुन्हा ओळखीपासून सुरुवात करावी लागते.

शिक्षकांत कामचुकार नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. कोणत्या कचेरीत ते नसतात? तथापि त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांचा वेळ हिरावून घेण्याचे समर्थन होत नाही. जव्हार-मोखाड्यापुरते तरी दोन शिक्षकी शाळांतून शाळेच्या वेळात कोणालाही बैठकीस बोलावू नये, आणि माहिती भरण्यासाठी प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्यावा. त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून काढावयाचा, हे अर्थखात्याने ठरवावे. तेवढे एक काम तरी गुरुजींकडे सोपवू नये.