आईचं ऐका, बाळाचा घाम तपासा

"बाळाचा मुका घेतला की तोंडाला मीठ लागतं," असं एखादी आई सांगते आणि दवाखान्यात सगळे हसून सोडून देतात. आम्ही परिचारिकांनीही ते सोडून दिलं आहे, हे आधी कबूल करतो. मूल महिनोन्‌महिने खोकतं, वजन वाढत नाही. मग त्याच्यावर 'कुपोषित' असा शिक्का बसतो, किंवा जंतू न सापडताही टीबीची औषधं सुरू होतात. वर आईलाच ऐकावं लागतं, "नीट खायला घालत नाहीस."

हा सिस्टिक फायब्रोसिस असू शकतो. हा आजार संसर्गाने होत नाही, तो जन्मतःच असतो. सीएफटीआर या जनुकातल्या बिघाडामुळे पेशींतली मीठ-पाण्याची ये-जा बिघडते. फुफ्फुसातला कफ घट्ट, चिकट होतो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्याने चरबी पचत नाही. शी तेलकट आणि उग्र वासाची होते, मूल खाऊनही वाळतं. घामातून मीठ फार जातं, म्हणून उन्हाळ्यात अशी मुलं गळून जातात.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल माहीत आहे. इथेही हिशोब तोच. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. दोष एकट्या आईचा नाही. गेल्या जन्मीचं पाप तर नाहीच; बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ती कल्पनाच नाकारली आहे. मामेबहिणीशी लग्न ठरवताना मात्र विचार करा. नात्यातल्या लग्नात धोका वाढतो.

हा गोऱ्यांचा आजार, असं म्हणून चालणार नाही. युरोपात तो जास्त आढळतो, पण भारतीय मुलांनाही होतो. घामाच्या तपासणीत सुई टोचावी लागत नाही. क्लोराइड 60 मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं तर आजाराची दाट शक्यता असते. पुढे जनुक तपासणी करतात. पूर्ण बरं करणारं औषध नाही. पण जेवणासोबत पाचक एन्झाइम, तेलतुपाचा भरपूर आहार, जास्तीचं मीठ, छातीची फिजिओथेरपी आणि वेळेवर अँटिबायोटिक यांनी मूल शाळेत जातं, मोठं होतं.

केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालचं केंद्र आहे. पण गावातल्या मुलाला तिथवर पाठवणार कोण? आमची मागणी साधी आहे : प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात घामाची तपासणी मोफत व्हावी, आणि अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाने ही लक्षणं विचारावीत.

तोवर आपण एवढं करू. टीबीची औषधं मनाने बंद करू नका. पण मुलाला गुण येत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "घामाची तपासणी करायची का?" हा प्रश्न विहारातल्या प्रत्येक आईपर्यंत पोचवू या.

जय भीम!