माती ब्रासने मोजावी काय?

वसई तालुक्यात निसर्गाने तीन प्रकारच्या माती शेजारी शेजारी मांडल्या आहेत. पूर्वेस तुंगारेश्वरच्या उतारांवर काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली तांबूस, मुरमाड माती. मध्ये भरतीचे पाणी सामावून घेणारा खारपाट. आणि पश्चिमेस किनाऱ्यालगतचा रेताड पोयटा.

या पोयट्यात पावसाचे पाणी सहज मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. त्याच्याच बळावर येथील विहिरी आणि बावखले भरली; राजेळी केळी, पानवेली, भाजीपाला व फुलांच्या वाड्या बहरल्या. मात्र हा तोल नाजूक आहे. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खालावली, तर खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई' चळवळीने टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध आवाज उठविला, त्याचे मर्म येथे आहे.

पूर्वेच्या मातीची थोरवी रानात दिसते. साग, ऐन, खैर यांचा पाचोळा कुजून हा उथळ थर सुपीक होतो आणि पावसाचे पाणी धरून ठेवतो. तुंगारेश्वरला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. परंतु सीमेबाहेरच्या टेकड्यांना हे कवच नाही. त्या खणून निघालेली माती खारपाटात भराव म्हणून पडते. म्हणजे एक माती गाडण्यासाठी दुसरी उपटावयाची! जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय होऊन रेल्वे खोळंबली. पाऊस प्रचंड होता, हे खरे. पण पाण्याने विसावावे अशी जागाही आपणच बुजवत आलो आहोत.

वाढत्या वस्तीला घरे हवीत, हे कोण नाकारील? प्रश्न दृष्टीचा आहे. भरावाची माती २००० सालापासून कायद्याने गौण खनिज ठरली. ती ब्रासवर मोजावयाची आणि स्वामित्वधन भरून उचलावयाची. तिने धरलेले पाणी व पोसलेले रान या हिशेबात कोठेच येत नाही. बोटभर सुपीक थर घडावयास शतके लागतात. तो उचलावयास एक दुपार पुरते.

म्हणून उत्खननाच्या परवान्यापूर्वी वरचा थर जपण्याची अट हवी, भरावापूर्वी पाण्याच्या वाटेचा हिशेब हवा आणि प्रत्येक बावखलाची सरकारदरबारी नोंद हवी. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचा भाव ब्रासने ठरवावा, हे शोभणारे नाही.