जमीन नेमकी कुठून मोजायची? पूरपट्ट्यातल्या घरांच्या उंचीचा हिशेब भरावाखाली गाडला जातोय

कोल्हापूर : अलमट्टी धरणाची पातळी किती, असं शिरोळ तालुक्यात कुठल्याही पारावर विचारा. 519.60 मीटर, हे उत्तर तोंडपाठ मिळतं. कर्नाटकला ती 524.256 पर्यंत न्यायची आहे, हेही दशांशासकट सांगितलं जातं. पण त्याच माणसाला विचारा, तुझ्या घराचा उंबरा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे? उत्तर येत नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तरी येत नाही, आणि सातबाऱ्यावर तर त्यासाठी रकानाच नाही.

हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. करवीर, हातकणंगले आणि शिरोळ या तालुक्यांत नदीकाठी नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला दोन उंच्यांना तोंड द्यावं लागतं. एक इमारतीची, जी जमिनीपासून मोजतात. दुसरी पुराची, जी समुद्रसपाटीपासून मोजतात. दोन्हीचा शून्य वेगळा. आणि पहिला शून्य, म्हणजे 'जमीन', ही चार डंपर मुरूम टाकला की वर सरकते.

राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सगळे तिला युनिफाइड डीसीपीआरच म्हणतात. मुंबईसारखे मोजके अपवाद सोडले तर महापालिकेपासून प्रादेशिक योजनेतल्या खेड्यापर्यंत तीच चालते. इमारतीची उंची म्हणजे काय, तर इमारतीच्या सभोवारच्या आणि लगतच्या जमिनीची जी सरासरी पातळी, किंवा प्राधिकरण ठरवेल ती पातळी, तिथून वर सपाट छतापर्यंतचं उभं अंतर, असा तिचा अर्थ. व्याख्या सुटसुटीत आहे. फक्त ही 'सभोवारची जमीन' कोणत्या दिवशीची, याचा हिशेब कुठे ठेवायचा, हे कोणी पाहत नाही. भराव टाकण्याआधीची की नंतरची? नकाशा मंजुरीला गेला त्या दिवशीची, की जोतं तपासायला माणूस आला त्या दिवशीची?

सपाट, कोरड्या माळावर हा फरक वीतभराचा. डोंगरउतारावर तो मजल्याएवढा होतो. पन्हाळा, शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या बाजूचा एखादा भूखंड घ्या. पुढची बाजू रस्त्याला समतल, मागची चार मीटर खाली. सरासरी जमीन धरली तर ती रस्त्यापासून दोन मीटर खाली येते. दहा मीटर उंचीची परवानगी असेल, तर घर रस्त्यावरून आठ मीटर दिसेल, मागून बारा. पण मालकाने आधी मागे संरक्षक भिंत घालून भूखंड रस्त्याच्या पातळीला आणला आणि मग नकाशा टाकला, तर तेच घर रस्त्यावरून दहा आणि मूळ उतारावरून चौदा मीटर होतं. नियम कुठेच मोडला नाही. फक्त 'जमीन' बदलली.

इतर देशांनी ही पळवाट ओळखून आपापला पर्याय निवडला आहे. इंग्लंडच्या किरकोळ बांधकामांच्या नियमात जमीन असमान असेल तर इमारतीला लागून असलेला सर्वांत उंच भाग धरतात. म्हणजे उतारावरच्या मालकाला सवलत, पण वाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये जागेची त्या त्या बिंदूवरची 'अस्तित्वात असलेली' पातळी धरतात आणि ती सर्वेक्षणाच्या नकाशावर दाखवावी लागते. कोणती पद्धत बरी, यावर नगररचनाकार भांडतील. आपल्याकडे सरासरीची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. अडचण अशी की सरासरी काढायला आधी आकडे लागतात, आणि मूळ आकडे लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही.

शहरात मोठ्या इमारतीला बाजूला आणि मागे किती मोकळी जागा सोडायची, हे उंचीच्या एक पंचमांशावर ठरतं. वीस मीटरची इमारत कागदावर अठराची दाखवली, तर शेजाऱ्याच्या वाट्याचा चाळीस सेंटिमीटर उजेड गेला. हा शहरी वाद झाला. त्याला वकील मिळतो, आर्किटेक्ट मिळतो. खेड्यातला प्रश्न उजेडाचा नाही, पाण्याचा आहे.

लाल रेषेचा शून्य

पूररेषा दोन. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, पार्किंग, स्मशानभूमी, पाइपलाइन असल्या गोष्टी सोडल्या तर नवं बांधकाम नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण लाल पूररेषेच्या पातळीच्या वर 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत घराचा पुनर्विकास करायचा असेल तरी हाच दीड फूट, शिवाय पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला.

नियम शहाणपणाचा आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर मात्र जाऊ नये. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के भरते, म्हणजे चारातलं एक घर. आणि कोल्हापूरकरांना टक्केवारी शिकवायची गरजच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 'असं पुन्हा आपल्या हयातीत नाही' म्हणेपर्यंत जुलै 2021 मध्ये 56 फूट ओलांडले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला.

या नियमातला दीड फूट मोजायचा कुठून, तर लाल रेषेच्या पातळीपासून. ती पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. समजा भूखंडाची जमीन लाल रेषेच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली आहे. मग घराची फरशी जमिनीपासून 2.45 मीटरवर हवी, म्हणजे आठ फूट वर. खांबांवर घर उचलून खाली मोकळं सोडणं, हा त्याचा सरळ अर्थ. पण जमीन दोन मीटर खाली आहे की अडीच, हे कळायला अभियंत्याला ऑटो लेव्हल किंवा डीजीपीएस घेऊन जवळच्या बेंचमार्कपासून पातळी आणावी लागते. गावाजवळ बेंचमार्क नसेल तर ती लांबून आणावी लागते आणि तिचा खर्च वाढतो. मग ती आणलीच जात नाही. 'दोन्ही पुरांत पाणी खिडकीपर्यंत आलं होतं, तेवढं जोतं घेऊ' या हिशेबावर काम चालतं.

गावचा हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरं तर तोच आजवर जास्त विश्वासाचा ठरला आहे. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली, पाणी जामदार क्लबजवळ आलं, गायकवाड वाड्याशी पोचलं, या खुणांवर कोल्हापूरच्या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या सामान माळ्यावर चढवलंय. नृसिंहवाडीत तर पाणी कुठवर आलं हे देवळावरून कळतं. जुनं दगडी जोतं किती घ्यायचं, हे घरातला म्हातारा मागच्या पुराची खूण दाखवून सांगायचा. फक्त ही खूण त्या वाड्याची असते. अर्धा किलोमीटर पलीकडच्या, गेल्या दोन वर्षांत प्लॉट पाडलेल्या शेताला ती लागू होत नाही.

बंधाऱ्यावरच्या फुटांचंही तसंच. रोजच्या पूर अहवालात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी अशा बंधाऱ्यांचे आणि ठिकाणांचे आकडे येतात. राजारामवरचे 43 फूट आणि शिरोळवरचे 43 फूट एक नव्हेत. प्रत्येक मोजपट्टीचा शून्य त्या त्या जागचा. राजारामच्या आकड्यासोबत मीटरमध्ये समुद्रसपाटीची पातळीही छापलेली असते आणि 43 फुटांना ती साधारण 543 मीटर भरते. घराशी तुलना करायची तर हा कंसातला आकडा उपयोगाचा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते फूट-इंच.

तीन गुंठे, 130 ब्रास

आता भरावाकडे येऊ. खांबांवर घर उचलणं महाग पडतं, आणि ग्रामीण घराच्या मापात ते बसतही नाही. खाली मोकळी जागा सोडली तर गोठा कुठे, ट्रॅक्टर कुठे, म्हातारी माणसं आठ फुटांचा जिना कशी चढणार? त्यापेक्षा मुरूम टाकून अख्खा प्लॉटच उचलणं सोपं वाटतं. तीन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे 3267 चौरस फूट. तो चार फूट उचलायचा तर तेरा हजार घनफूट भराव, म्हणजे 130 ब्रास. मुरूम काढणाऱ्याने गौण खनिजाची रॉयल्टी भरायची असते, त्याची पावती असते. तो कुठे पडला आणि जमीन किती उंचावली, याची मात्र कुठल्याच उताऱ्यावर नोंद होत नाही.

एका प्लॉटच्या भरावाने पंचगंगा फुगत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. नदीच्या मानाने तेवढं पाणी म्हणजे काहीच नाही. त्रास होतो तो जवळ. शेताच्या बांधातून ओढ्याकडे जाणारी पावसाच्या पाण्याची वाट भरावाने अडते आणि ते पाणी शेजाऱ्याच्या परसात थांबतं. मग शेजारी पाच फूट भराव टाकतो. तिसरा सहा. रस्ता खड्ड्यात राहतो म्हणून ग्रामपंचायत रस्त्यावर थर चढवते, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याचं जुनं घर आपोआप तळघर होतं. त्याच्या जमिनीची पातळी एक इंचही बदललेली नसते, फक्त 'सभोवारची' बदललेली असते. आणि अशा शंभर प्लॉटांची रांग ओढ्याकाठी उभी राहिली, की मग पुराचं पाणी पसरायची जागाही खरोखर कमी होते. 2019 च्या महापुरानंतर राज्याने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. महामार्गाचा भराव टाकू नका, खांबांवर पूल करा, अशी मागणी पूरपट्ट्यातली गावं करत आली आहेत. तीच गावं घरगुती भरावाबद्दल फारसं बोलत नाहीत. हे समजण्यासारखं आहे, कारण तिथे समोर सरकार नसतं, भावकी असते.

यात सर्वांत वाईट अवस्था घरकुलवाल्याची. अनुदानाची रक्कम ठरलेली. जोतं दोन फूट घ्या किंवा सहा, पैसे तेवढेच. ज्याला उंच जोत्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते परवडत नाही.

परवानगी गावात, लेव्हल कुणाकडे?

फेब्रुवारी 2021 मध्ये तत्कालीन ग्रामविकास मंत्री, कागलचे हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं, की ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडे जावं लागणार नाही. नकाशा नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्क ग्रामपंचायतीत द्यायचं. लोकांना हा मोठा दिलासा होता. तालुक्याला आणि कोल्हापूरला घातलेल्या खेपा ज्याला आठवतात, तो या निर्णयाला नावं ठेवणार नाही. शहरालगतच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये प्राधिकरण झाल्यावर परवानगीसाठी किती ओरड झाली, तेही ताजं आहे.

पण 3200 चौरस फूट म्हणजे जवळपास तेच तीन गुंठे. म्हणजे पूरपट्ट्यातलं नेहमीचं घर आता ग्रामसेवकाच्या टेबलावर ठरतं. त्याच्याकडे ना लेव्हल मशीन, ना गावचा पातळीचा नकाशा. लाल रेषा प्रादेशिक योजनेच्या नकाशावर, गट नंबर दुसऱ्या नकाशावर. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचं कोणी? अभियंत्याने 'सभोवतालच्या जमिनीपासून' म्हणून जे लिहिलं, तेच अंतिम. उद्या पाणी घरात शिरलं तर कागद निर्दोष असेल.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला कायदाही बदलावा लागत नाही. व्याख्येतच 'किंवा प्राधिकरण ठरवेल ती पातळी' हे शब्द आहेत. त्यांचा वापर करून नकाशासोबत भराव टाकण्याआधीच्या चारही कोपऱ्यांची आणि मध्यावरची पातळी समुद्रसपाटीच्या मीटरमध्ये मागता येते, आणि तीच उंचीसाठी कायम धरायची असं ठरवता येतं. त्यासाठी प्रत्येक पूरबाधित गावात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पायरीवर एक बेंचमार्क कोरून त्याखाली गावची लाल रेषा आणि 2019, 2021 ची पातळी लिहावी लागेल. मग अभियंत्याचं काम दिवसांचं न राहता तासाभराचं होईल. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रकं देण्याचं काम स्वामित्व योजनेत झालंच आहे. त्या पत्रकावर चौरस मीटर येतात. पूरबाधित गावांपुरता उंचीचा एक रकाना जोडायला काय हरकत आहे, हे जिल्हा प्रशासनाने सांगावं.

भरावाचं काय, हा त्याहून चिवट प्रश्न आहे. ओढ्या-नाल्याची वाट मोकळी ठेवल्याशिवाय भराव नको, एवढं तरी ग्रामसभेच्या ठरावात यायला हवं. अलमट्टीचे मीटर बंगळूर-दिल्लीत ठरतात. गावातल्या जोत्याचे मीटर गावातच ठरतात, आणि पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ते विषयपत्रिकेवर घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.