उतारशाळेतली जागा

नाताळ जवळ आला, की गिरिज, निर्मळ, नंदाखाळपासून आगाशीपर्यंत वसईच्या पश्चिम पट्ट्यात अंगणाअंगणांत गोठे उभे राहू लागतात. बांबू येतात, पेंढा येतो, मुले शाळेतून आल्यावर चिखलमातीच्या टेकड्या रचतात. मेंढपाळ, मेंढ्या, मरिया, योसेफ आपापल्या जागी बसतात. मधली गव्हाण मात्र रिकामी असते. बाळ तिथे ठेवायचे ते नाताळच्या मध्यरात्री.

ही प्रथा आठशे वर्षांची आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो या इटलीतल्या खेड्यात खरा बैल, खरे गाढव आणि खरा पेंढा आणून तो प्रसंग उभा केला. जन्मलेल्या बाळाची काय आबाळ झाली असेल, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे गोठा सुबक होत गेला, त्यात दिव्यांच्या माळा आल्या, स्पर्धा आल्या, बक्षिसे आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सण म्हटला की नटणे आलेच. पण आबाळ दाखवण्यासाठी मांडलेल्या देखाव्यातून आबाळच नाहीशी झाली, तर सणाचा अर्थ काय उरला, हे एकदा विचारायला हवे.

लूकच्या शुभवर्तमानातली हकीकत अगदी थोडक्यात आहे. रोमचा सम्राट औगुस्त याने नावनोंदणीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघाला. तिथे तिचे दिवस भरले. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून तिने बाळाला गव्हाणीत ठेवले. आणखी गंमत अशी, की लूकने गोठ्याचा उल्लेखच केलेला नाही. तो आपण गव्हाणीवरून ताडला. त्याने उतारशाळेच्या मालकाचाही उल्लेख केलेला नाही. त्यांना दारातून हाकलणारा दुष्ट माणूस नाटकवाल्यांनी नंतर घातला. मूळ कथेत कोणीच दुष्ट नाही. फक्त जागा नव्हती.

ख्रिस्ती श्रद्धेत नाताळच्या घटनेला 'देहधारण' म्हणतात. देव माणसांना भेटायला आला, दर्शन देऊन गेला, असा त्याचा अर्थ नाही. त्याने देह घेतला. आणि देह घेतला, की भूक आली, थंडी आली, आणि मुख्य म्हणजे जागा आली. आत्म्याला जागा लागत नाही, देहाला लागते. निजायला साडेतीन हात तरी लागतेच. 'इम्मानुएल' म्हणजे देव आमच्यासंगे. हा शब्द आपण पताकांवर रंगवतो, पण संगे राहायचे तर कुठे, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे. नाताळचे अध्यात्म हवेतले नाही. ते जमिनीवरचे आहे.

आणि वसई-विरारमध्ये तर जमिनीसारखा ज्वलंत विषय दुसरा नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. २०२१ ची जनगणना रखडली. तिच्यासाठी जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला. म्हणजे सरकारी नावनोंदणी आपल्याही दाराशी आली. त्या नोंदणीत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतली माणसे कुठल्या पत्त्यावर मोजायची? तिथल्या ४१ इमारती २०२५ च्या आरंभापर्यंत पाडून झाल्या. जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती, बांधकामे बेकायदा होती, उच्च न्यायालयाचा आदेश होता. कायद्याच्या दृष्टीने सारे बरोबर होते. पण आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली शेकडो कुटुंबे मुलाबाळांसह रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. माणसे अशा घरांत हौसेने राहत नाहीत. दुसरीकडे जागा नसते.

इथे माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बँकेत अधिकारी असताना, डिसेंबरातल्या एका सकाळी एक तरुण जोडपे माझ्या टेबलाशी आले. मुलीला सातवा-आठवा महिना असावा. खाते उघडायचे होते. पत्त्याचा पुरावा नव्हता, कारण घरमालक भाडेकरार लिहून देत नव्हता. ओळख द्यायला कोणी खातेदार नव्हता. मी त्यांना बसवले, पाणी दिले, आणि घरमालकाचे पत्र घेऊन या, असे सांगून परत पाठवले. नियमाने माझे काहीच चुकले नव्हते. ती दोघे पुन्हा आली नाहीत. त्या वर्षीच्या मध्यरात्रीच्या मिस्सामध्ये फादरांनी लूकचा तो उतारा वाचला, तेव्हा मान वर करणे मला जड गेले. उतारशाळेच्या मालकाचे नाव लूकने का दिले नाही, ते मला तेव्हा कळले. नकार देणारा बहुधा एक माणूस नसतोच. एक अर्ज असतो, एक अट असते, आणि अट पाळणारा माझ्यासारखा कोणी सज्जन असतो.

यावर आमच्या गावांतून एक उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. 'आमचीच जागा जाते आहे, आम्ही दुसऱ्याला कुठून देणार?' १९९० मध्ये सिडको नियोजनासाठी आली, बिल्डर आले, विहिरींतले पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे महापालिकेत गावे घालण्यालाही विरोध झाला. ज्यांच्या बागायतीवर सामवेदी समाज पिढ्यान्‌पिढ्या जगला, त्या केळीच्या, पानवेलींच्या वाड्या राखणे हे पापकर्म नव्हे. माझ्या मते ते देहधारणाशी सुसंगतच आहे. माती, पाणी, झाड यांना देवाने तुच्छ मानले नाही, म्हणून तर त्याने देह घेतला.

पण तो लढा जमिनीच्या बाजाराशी होता, माणसांशी नव्हता. ही रेघ हल्ली पुसट होत चालली आहे. जमीन विकताना घेणारा कोण, हे आपण फारसे विचारले नाही. खोली भाड्याने देताना मात्र आडनाव, प्रांत, भाषा, स्वयंपाकघरात काय शिजते, सगळे विचारतो. बिल्डरला दार उघडे आणि भाडेकरूला बंद, हा हिशेब कुठल्याही खातेवहीत जुळणारा नाही.

मग करायचे काय? घर पाडण्याचा आदेश निघेल तेव्हा तिथल्या कुटुंबांच्या पर्यायी निवाऱ्याचे उत्तर पालिकेकडे मागणे, आणि त्या मागणीत चर्चच्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्यांनीही उभे राहणे, हे एक. घर घेणाऱ्याला कागदपत्रे वाचून दाखवणे, हे दुसरे. निवृत्त बँकवाले, वकील, शिक्षक आमच्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. रविवारच्या मिस्सानंतर एक तास टेबल टाकून बसले, तर कित्येकांची फसवणूक टळेल. तिसरे सर्वांत साधे: भाडेकरूला रीतसर करार लिहून द्यावा. त्या एका कागदावर शाळेतला प्रवेश, बँकेतले खाते, मतदारयादीतले नाव अवलंबून असते.

यातले काहीच फार मोठे नाही. गव्हाण तरी कुठे मोठी होती? यंदा गोठा मांडताना मुले विचारतील, की मधली जागा अजून रिकामी का? येणाऱ्यासाठी ठेवली आहे, असे आपण सांगू. सांगण्याआधी आपल्या घरातली, गावातली एखादी जागा खरोखर तशी ठेवली आहे का, हे मात्र पाहून घ्यावे.