खंड्याच्या तोंडात डोकावलात का?

मुलांनो, गेल्या आठवड्यात एका छोट्या मैत्रिणीचं पत्र आलं. चौथीत आहे. अक्षर अगदी टपोरं! तिनं लिहिलंय, ‘बाई, आमच्या कुत्र्याच्या तोंडाला फार घाण वास येतो. तो जवळ आला की सगळे नाक दाबतात. आजी त्याला आता घरातच घेत नाही. पावसात तो गोठ्यात झोपतो. मी काय करू?’

पत्र वाचलं आणि मला आमचा खंड्या आठवला. आज तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगते. गोष्ट माझ्या चुकीची आहे, पण चूक झाली तर ती सांगावी असं मीच तुम्हाला वर्गात शिकवते ना? मग मला कशी लपवता येईल?

खंड्या साधा गावठी कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक कान पडलेला. सात वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाला वास मारायला लागला. आम्ही म्हटलं, कुत्रंच ते, वास यायचाच! पुढे तो भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि खाली टाकायचा. सासूबाई म्हणाल्या, ‘लाडावलाय, आता त्याला तूप लागतं भाकरीवर.’ मग तो एकाच बाजूनं चावायला लागला. ते तर आमच्या लक्षातही आलं नाही. शेवटी एके दिवशी त्याच्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं, गांधीलमाशी चावली असेल.

तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याकडे नुसतं बघितलं आणि थेट खंड्याचा ओठ वर उचलला. आत काय होतं? दाढांवर पिवळं-तपकिरी कीटण चढलेलं, अगदी जुन्या नळाला क्षार चढतात तसं. हिरड्या लालभडक. वरची मोठी दाढ चिरलेली आणि तिच्या मुळाशी पू झालेला! डोळ्याखालची सूज त्या दाढेची होती.

डॉक्टर म्हणाले, ‘बाई, हे आजचं नाही. कित्येक महिने दुखत असणार याला.’

मुलांनो, मला रडूच आलं. रोज सकाळी परिपाठाच्या वेळी मी चाळीस मुलांचे दात आणि नखं तपासते. ‘आ कर’ म्हणते. आणि माझ्याच दारातला एक जीव महिनोन् महिने दुखणं सोसत होता. त्याला मी एकदाही ‘आ कर’ म्हटलं नव्हतं! उलट वास येतो म्हणून ‘हाड’ म्हटलं होतं.

आता थोडं शिकू या. सांगा बघू, कुत्र्याला दात किती? आपल्याला दुधाचे वीस आणि पक्के बत्तीस. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ आणि मोठ्या कुत्र्याला पक्के ४२! पुढचे बारीक पटाशीचे १२, लांब सुळे ४ आणि बाकीच्या सगळ्या दाढा. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की दुधाचे दात येऊ लागतात. चार महिन्यांच्या सुमाराला ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत पक्के दात पूर्ण होतात. म्हणूनच त्या वयात ती चपला कुरतडतात बरं का! पॉमेरियनसारख्या छोट्या कुत्र्यांच्या इवल्याशा जबड्यात दातांची फार दाटी होते. कधी दुधाचा दात पडतच नाही आणि पक्का त्याच्या शेजारी उगवतो. त्या फटीत अन्न अडकतं. अशा कुत्र्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

मग वास कुठून येतो? जेवल्यानंतर दातांवर एक चिकट, पातळ थर बसतो. तुमच्याही दातांवर बसतो, सकाळी जीभ फिरवून बघा. त्या थरात असंख्य जंतू राहतात. अन्नाचे कण खाता खाता ते घाण वासाचे वायू सोडतात. हा थर पुसला नाही, तर लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांतच तो दगडासारखा कडक होतो. तेच कीटण. कीटण हिरडीच्या खाली सरकतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते. मग दाताखालचं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. आपल्यासारखी कीड कुत्र्यांच्या दातांना कमी लागते, पण कीटण आणि हिरड्यांचा आजार मात्र फार.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, जंगलातले लांडगे कुठे ब्रश करतात?’ प्रश्न झकास होता! पण लांडग्यांचेही दात मोडतात, त्यांच्याही हिरड्या बिघडतात. आपण बघायला जात नाही एवढंच. शिवाय दुखतंय म्हणून लांडगा ओरडत नाही आणि कुत्राही ओरडत नाही. दुखणं लपवायची जनावरांना सवयच असते. म्हणून आपणच बघायचं.

आता करायचं काय? आई, बाबा किंवा मोठी ताई-दादा यांना बरोबर घ्या. एकट्यानं हे काम करायचं नाही, हं.

पहिले काही दिवस कुत्रा निवांत असताना त्याच्या गालावरून हात फिरवा आणि एका बाजूचा ओठ हलकेच वर उचलून सोडा. लगेच शाबासकी द्या. त्याची सवय झाली की मोठ्यांनी बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूवरून फिरवावं. तोंड उघडायचं नाही. जबडा मिटलेला, फक्त ओठ वर. दहा सेकंद पुरे. तेही जमलं की लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या. तो थोडा तिरका धरून जिथे दात आणि हिरडी मिळतात तिथे गोल गोल फिरवा. आतली बाजू राहिली तरी चालेल, जीभ ती बरीच साफ ठेवते. रोज केलं तर उत्तम. पण कुत्रा गुरगुरला, अंग आखडलं, तोंड फिरवलं की थांबायचं. बळजबरी केली तर उद्या तो ब्रश बघूनच पळेल. आणि हिरड्या लाल असतील, रक्त येत असेल, तर आधी डॉक्टर, मग ब्रश. दुखऱ्या जागी घासणं म्हणजे शिक्षाच की!

आता सर्वांत महत्त्वाचं. आपली टूथपेस्ट कुत्र्याला लावायची नाही! आपण चूळ भरतो, तो गिळतो. तिच्यातला फेस आणि फ्लोराइड त्याच्या पोटाला बरं नाही. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. ती तर कुत्र्याला विषच. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्येही ती असते, म्हणून तेही त्याच्यापासून दूर ठेवा. मिश्री म्हणजे तंबाखू, ती चुकूनही नको. राखुंडी, मीठ, खायचा सोडा हेही नको. कुत्र्यांची वेगळी पेस्ट जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर नुसतं ओलं फडकंही चालेल. खरं काम घासण्याचं आहे, पेस्टचं नाही.

आणि हाडं? ‘हाड चघळलं की दात साफ होतात,’ असं आपण म्हणतो. पण शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात, आतड्यात रुततात. जाड, कडक हाडानं दाढच चिरते. आमच्या खंड्याची चिरली ती बहुधा अशीच. रविवारचं नळीचं हाड आम्हीच कौतुकानं द्यायचो ना! एक सोपी खूण सांगते. चघळायच्या वस्तूवर नख रुतलं नाही, तर ती त्याच्या दातांसाठी फार कडक समजा. गाजराचा तुकडा द्या, आवडीनं खाईल. पण गाजर दिलं म्हणून घासणं टळत नाही!

दवाखान्यात कधी न्यायचं? खाताना घास पडतो, एका बाजूनं चावतो, पंजानं तोंड खाजवतो, लाळ गळते, लाळेत रक्त दिसतं, दात हलतो, गालावर किंवा डोळ्याखाली सूज येते, यातलं काहीही दिसलं की न्या. वासाचं कारण दरवेळी दातच असतं असंही नाही. तोंडाला लघवीसारखा वास येत असेल तर मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आणि सारखी तहान, तर मधुमेहही असू शकतो. होय, कुत्र्यांनाही मधुमेह होतो! कधी टाळूला नुसती काडी अडकलेली असते. कधी उकिरड्यावरच्या मेजवानीचा प्रताप असतो. ते ओळखणं डॉक्टरांचं काम. जुनं कीटण घरी खरवडायचं नाही. डॉक्टर भूल देऊन हिरडीच्या खालूनही ते काढतात.

आणि आता एक गोष्ट पालकांनीही मुलांबरोबर वाचावी. हे सगळं फक्त आपल्या, लस टोचलेल्या, ओळखीच्या कुत्र्यासाठी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. कुठलाही कुत्रा अचानक वेगळा वागायला लागला, लाळ गाळू लागला, त्याला गिळता येईना, आवाज बदलला, तर ‘घशात काही अडकलंय का बघू’ म्हणून हात घालायचा नाही. तो रेबीज असू शकतो. कुत्रा चावला, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि मार बसेल या भीतीनं घरी लपवायचं तर मुळीच नाही. पालकहो, मूल सांगायला आलं तर आधी रागावू नका, आधी नळ सोडा.

खंड्याचं पुढे काय झालं? रक्त तपासून, भूल देऊन डॉक्टरांनी त्याचे दात साफ केले आणि तीन दाढा काढल्या. दोन दिवस तो गुंगीतच होता. आम्ही मऊ भात भरवला. दहाव्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी अंगणात माझी चप्पल तोंडात धरून उभी! सात वर्षांचं घोडं पिल्लासारखं उड्या मारत होतं. तेव्हा समजलं, गेले कित्येक महिने तो ‘म्हातारा’ झालेला नव्हता. त्याचे दात दुखत होते.

त्या चपलेसाठी मी त्याला रागावले नाही. सासूबाईंनीही नाही. आता रोज रात्री जेवणं झाली की त्याच सगळ्यांत आधी फडकं शोधतात आणि हाक मारतात, ‘खंड्या, आ कर!’

माझ्या छोट्या मैत्रिणी, हे तू आजीला वाचून दाखव. तुमचा कुत्रा घाणेरडा नाही, बहुतेक तो आजारी आहे. त्याला गोठ्यातून बाहेर आण, बाबांना बरोबर घे आणि आधी दवाखान्यात ने.

तुम्हा सगळ्यांना या आठवड्याचा गृहपाठ: घरी कुत्रा असेल तर मोठ्यांना बरोबर घेऊन त्याचा ओठ उचला आणि दात कोणत्या रंगाचे, हिरड्या कोणत्या रंगाच्या ते वहीत लिहा. कुत्रा नसेल तर आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच ‘आ’ करा! काय दिसलं ते मला जरूर कळवा.

तुमच्या बाई